गच्चीवरच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही : राउटर कोणता घ्यावा?

यावल तालुक्यातील एका केळी बागायतदार वाचकांच्या पत्राचा आशय असा : 'आमच्या घराला तळमजला, पहिला मजला आणि गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. तळमजल्याचा मागचा भाग, म्हणजे माजघर आणि देवघर, आजोबांच्या काळातला असून त्याच्या भिंती दगडमातीच्या व दोन फूट रुंद आहेत. पुढचा भाग पाडून २००८ साली स्लॅबचे बांधकाम केले. फायबरचे १०० एमबीपीएसचे कनेक्शन असून मोडेम बैठकीतल्या टीव्हीच्या कपाटात आहे. मुलगा पुण्याच्या कंपनीचे काम पहिल्या मजल्यावरून करतो. मीटिंग चालू असताना त्याचा आवाज तुटतो. मुलगी बँकेच्या परीक्षांचा अभ्यास गच्चीवरच्या खोलीत करते. तिथे वाय-फाय असून नसल्यासारखे आहे. आईला माजघरात मोबाइलवर कीर्तन ऐकायचे असते, तेही अडखळते. जळगावच्या दुकानदाराने सहा अँटेनांचा साडेसहा हजारांचा राउटर सुचवला आहे. माझी तयारी चार-साडेचार हजारांची आहे. जास्त पैसे घालून तो मोठा राउटर घ्यावा, की स्वस्तातले दोन-तीन घ्यावेत?'

सप्रेम नमस्कार.

कोणत्या भिंती दगडाच्या, स्लॅब कुठे, कोण कुठे बसते हे सगळे आपण नेमके लिहिलेत, म्हणून उत्तरही नेमके देता येते. साडेसहा हजारांचा राउटर घेऊ नये. दोन-तीन राउटरही लागणार नाहीत. मोडेम कपाटाबाहेर काढावा, पहिल्या मजल्यासाठी एक मध्यम किमतीचा राउटर घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या तांब्याच्या वायरवर खर्च करावेत. या तिन्हींत वायर सर्वांत महत्त्वाची आहे, आणि दुकानात तिच्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून कारणांसह सविस्तर लिहितो.

मोठा राउटर घेतल्याने स्लॅब ओलांडला जाईल, ही समजूत फार पसरलेली आहे. वाय-फायने किती शक्तीने प्रक्षेपण करावे याची मर्यादा सरकारने ठरवून दिलेली आहे, आणि ती दोन हजारांच्या राउटरलाही लागू आहे व वीस हजारांच्याही. शिवाय वाय-फाय हा दोन्ही बाजूंनी चालणारा संवाद आहे. राउटरचे म्हणणे मोबाइलपर्यंत पोचले, तरी मोबाइलचे उत्तर राउटरपर्यंत परत यावे लागते. मोबाइलची अँटेना लहान, आणि बॅटरी जपण्यासाठी त्याचे प्रक्षेपणही बेताचेच ठेवलेले असते. म्हणून मोठ्या राउटरखाली पुष्कळदा असे होते की मोबाइलवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात, पण मुलाचा आवाज मीटिंगमध्ये तुटतच राहतो, कारण त्याच्या लॅपटॉपकडून निघालेला संदेश स्लॅबखाली नीट पोचत नाही. अँटेना सहा असल्याने एकाच वेळी अनेक उपकरणे सांभाळण्यात थोडी मदत होते. त्यामुळे काँक्रीट पातळ होत नाही.

काही विकत घेण्यापूर्वी एक संध्याकाळ मोजमापासाठी द्यावी. प्रथम लॅपटॉप लॅन वायरने थेट मोडेमला जोडून वेग पाहावा. १०० च्या प्लॅनवर नव्वदच्या आसपास आकडा आला तर कनेक्शन ठीक आहे असे समजावे. तिथेच चाळीस मिळत असतील तर तक्रार नेट देणाऱ्या कंपनीकडे करायला हवी, कारण पुढे जोडलेला कोणताही राउटर तो आकडा वाढवू शकत नाही. मग अँड्रॉइड मोबाइलवर वाय-फायची ताकद दाखवणारे एखादे मोफत अ‍ॅप घेऊन घरभर फिरावे आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा कागदावर लिहावा. हा आकडा डीबीएममध्ये आणि उणे चिन्हाने येतो : उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ ला अडखळणे सुरू होते आणि उणे ८० च्या पलीकडे जोडणी नावापुरतीच उरते. या मोजपट्टीवर दहाचा फरक म्हणजे ताकद एक दशांश, आणि वीसचा फरक म्हणजे एक शतांश. बैठकीत उणे ४५ असलेला आकडा जिना चढून वर गेल्यावर उणे ६५ झाला, तर एका स्लॅबने शंभरातले नव्याण्णव भाग खाल्ले असा त्याचा अर्थ होतो. गच्चीवरच्या खोलीपर्यंत असे दोन स्लॅब आहेत. हे गणित एकदा डोळ्यांसमोर आले की राउटरवर दोन हजार जास्त घालून काय साधेल याचा निर्णय आपला आपणच होईल.

हे मोजमाप दोनदा करावे : एकदा मोडेम टीव्हीच्या कपाटात असताना आणि एकदा तो बाहेर काढून उंचावर ठेवल्यावर. टीव्हीचा पडदा, कपाटाचे दार, मागची भिंत, शेजारी सेट टॉप बॉक्स, अशा गर्दीत ठेवलेला मोडेम खोलीतच अर्धा गुदमरतो. फायबरची पातळ वायर मात्र स्वतः ओढू किंवा वाकवू नये. आत काच असते आणि तीव्र वळण दिल्यास प्रकाश गळतो किंवा तार तुटते. मोडेम बैठकीच्या अशा भिंतीवर आणावा की जिथून माजघराचे दार समोर येईल, आणि त्यासाठी वायर पुरत नसेल तर कंपनीच्या माणसाला बोलावून ती वाढवून घ्यावी.

आईंच्या कीर्तनाचा प्रश्न बहुधा एवढ्याने सुटेल. दोन फुटांच्या दगडी भिंतीतून वाय-फाय जवळजवळ जात नाही, ते दारातून जाते. आपल्या भागातल्या जुन्या माजघरांत धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या दाराच्या रेषेतच मांडलेल्या असतात, आणि लोखंडी पत्रा ही वाय-फायपुढची सर्वांत वाईट आडकाठी आहे. कोठ्या तशा असतील तर त्या दोन हात सरकवून पाहाव्यात आणि आकडा पुन्हा मोजावा. आईंच्या मोबाइलवर २.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडून द्यावे. राउटरमधून दोन प्रकारच्या लहरी निघतात. २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते; ती भिंतींतून तुलनेने बरी जाते, पण तिच्यावर वेग कमी आणि गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची लहर त्याच्या निम्म्याहूनही आखूड; एकाच खोलीत ती कितीतरी वेगवान असते, पण काँक्रीटपुढे लवकर हार मानते. कीर्तन ऐकायला वेग फारसा लागत नाही, पोच लागते.

आता पहिल्या मजल्याकडे वळू. कामाच्या मीटिंगसाठी मुलाला भरवशाचे नेट हवे, आणि ते स्लॅबमधून वर ढकलण्यापेक्षा वायरने वर नेऊन तिथे नव्याने पसरवणे हाच खात्रीचा मार्ग आहे. मोडेमच्या लॅन पोर्टमधून, म्हणजे मागच्या बाजूला नेटची वायर लावायच्या छिद्रातून, एक वायर जिन्यावाटे पहिल्या मजल्यावर न्यावी आणि तिच्या टोकाला नवा राउटर लावावा. वायर 'कॅट ६' प्रकारची घ्यावी. चांगली 'कॅट ५ई' मिळाली तरी चालेल, कारण दोन्हींतून १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा वेग जातो आणि आपल्याला बैठकीपासून जिन्याच्या माथ्यापर्यंत वीस-पंचवीस मीटरच लागेल. पाहायचे ते आतल्या धातूकडे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची वायर तांब्याची म्हणून सर्रास विकली जाते. एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरी चकाकी दिसली तर ती घेऊ नये. अशी वायर वाकवताना तुटते, तिची टोके कालांतराने सैल होतात, आणि मग 'नेट कधी येते, कधी जाते' असा आजार सुरू होतो, ज्याचे मूळ कोणालाच सापडत नाही.

टोकाला कनेक्टर बसवणाऱ्या माणसाने आठही तारा एकाच क्रमाने दोन्हीकडे बसवल्या पाहिजेत. रूढ क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सीसीटीव्ही बसवणारे कारागीर घाईत चारच तारा जोडून मोकळे होतात. त्यावर १०० एमबीपीएसपर्यंत काम चालते, पण पुढे प्लॅन वाढवला की वेग तिथेच अडतो. आठही तारा जोडून घ्याव्यात आणि टेस्टर लावून सगळे दिवे लागतात का ते त्याच्याच हातून पाहून घ्यावे. वायर विजेच्या नळीतून नेऊ नये, जिन्याच्या कडेने वेगळी पीव्हीसी पट्टी मारून न्यावी. दिसायला थोडे खटकेल, पण भिंतीच्या बाहेरून नेण्यापेक्षा ते केव्हाही बरे. साध्या वायरचे आवरण आपल्याकडच्या उन्हात काही उन्हाळ्यांतच कडक होऊन तडकते, आणि वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा बाहेरून गेलेली लांब तांब्याची वायर दोन्ही टोकांची यंत्रे जाळू शकते. बाहेरून नेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर खास बाहेरच्या वापरासाठीची काळ्या आवरणाची वायर घ्यावी.

राउटर निवडताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याने दिपून जाऊ नये. 'एसी१२००' यातला १२०० हा दोन्ही लहरींच्या कागदोपत्री वेगांची बेरीज आहे : २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. एक मोबाइल साधारणपणे एका वेळी एकाच लहरीवर असतो, आणि प्रत्यक्षात कागदावरच्या वेगाच्या निम्मा मिळाला तरी समाधान मानावे. म्हणजे आपल्या १०० च्या प्लॅनला एसी१२०० पुरेसा आहे. 'एन३००' असे लिहिलेले हजार-बाराशेचे राउटर फक्त २.४ वर चालतात. ते मात्र आज नव्याने घेऊ नयेत, कितीही स्वस्त असले तरी.

खरा फरक खोक्याच्या मागच्या बाजूला, पोर्टच्या माहितीत दडलेला असतो. उदाहरणार्थ टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन्ही एसी१२०० म्हणून विकले जातात, पण सी५० चे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत आणि सी६ चे गिगाबिट. आज आपला प्लॅन १०० चा असल्याने पहिल्यावरही भागेल. उद्या मुलाने दोनशेचा घेतला तर वायरमधून आलेला वेग पोर्टवरच अडून राहील. किमतीतला फरक काही शेकड्यांचा असतो, म्हणून गिगाबिटच घ्यावा. डी-लिंक, टेंडा, मर्क्युसिस यांचेही गिगाबिटचे एसी१२०० राउटर मिळतात. कंपनी कोणतीही चालेल, 'गिगाबिट' हा शब्द आणि 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' ही सोय (तिचा उपयोग पुढे सांगितला आहे) या दोन गोष्टी मात्र खोक्यावर वाचून घ्याव्यात.

वाय-फाय ६, म्हणजे खोक्यावर 'एएक्स' लिहिलेला राउटर घ्यावा का, हेही आपल्या मनात येईल. या पिढीच्या उपकरणांना प्रमाणपत्रे देणे २०१९ साली सुरू झाले, आणि अनेक उपकरणे एकाच वेळी जोडलेली असताना ती वेळेची वाटणी अधिक चांगली करते. तिचा लाभ मोबाइल आणि लॅपटॉपही त्याच पिढीचे असतील तरच पूर्ण मिळतो. घरात दहा-बारा उपकरणे असतील आणि एएक्स१५०० चा गिगाबिट राउटर पाचशे-सातशे रुपये जास्तीत मिळत असेल तर माझे मत तो घ्यावा असे आहे. हे पैसे वायरच्या वाट्यातून काढावे लागत असतील, तर एसी१२०० वरच थांबावे.

दुकानदार 'मेश'चा संचही सुचवेल. दोन किंवा तीन सारखे डबे घरभर ठेवायचे आणि त्यांनी आपापसांत बोलून नेट पसरवायचे, अशी ती योजना आहे. ती उपयुक्त आहे, पण त्या डब्यांनाही आपापसांत स्लॅबमधूनच बोलावे लागते, आणि स्वस्तातल्या संचांत तीच लहर डब्यांच्या संभाषणालाही वापरली जाते व आपल्या मोबाइललाही. त्यामुळे वरच्या डब्याजवळ रेंज भरपूर दिसते आणि वेग निम्म्याहून खाली येतो. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायच्या 'एक्स्टेंडर'चीही हीच अडचण आहे. भाड्याच्या घरात, जिथे वायर ओढता येत नाही, तिथे मी मेश सुचवतो. आपले घर स्वतःचे आहे.

नवा राउटर जिन्याच्या माथ्याशी, पहिल्या मजल्याच्या साधारण मध्यावर, छातीच्या उंचीच्या वर भिंतीला टांगावा. सरळ उभ्या अँटेनाभोवती लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात : अँटेना मधल्या भोकात, आणि पसारा आडवा चहूकडे. टोकाच्या दिशेने, म्हणजे थेट वर आणि खाली, फार कमी जाते. म्हणून दोन अँटेना उभ्या ठेवाव्यात आणि एक आडवी पाडावी, म्हणजे गच्चीकडेही काही भाग जाईल.

जोडणीतली एक चूक इतक्या घरांत होते की ती वेगळी सांगायला हवी. वायर नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचे नेट आत घेण्याच्या छिद्रात, खुपसून तो नेहमीसारखा सुरू केला, तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. मग वरच्या लॅपटॉपवरून खालचा प्रिंटर सापडत नाही, आणि कधी कधी कंपनीच्या कामाची सुरक्षित जोडणीही अडते. म्हणून नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' निवडावा. मग प्रत्येक उपकरणाला नेटवर्कमधला पत्ता वाटण्याचे काम एकटा मोडेम करतो आणि नवा राउटर फक्त नेट पसरवतो. दोन्हीकडे वाय-फायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवावेत, म्हणजे जिना चढताना मोबाइल स्वतःहून वरच्या राउटरवर जाईल. काही जुने मोबाइल खालच्या नेटवर्कला चिकटून राहतात; तसे झाले तर वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करावे. २.४ वर एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ क्रमांकाचा चॅनेल द्यावा, कारण या तीनच चॅनेलचा पसारा एकमेकांवर चढत नाही. राउटरबरोबर आलेला व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलावा, सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ आणि जुन्या उपकरणांना ते झेपत नसेल तर डब्ल्यूपीए२ ठेवावे, आणि बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद करावी.

राहिली मुलीची खोली. तिथे तिसरा राउटर ठेवण्याचा मोह होईल, पण ठेवू नये, आणि त्याचे कारण आपले ऊन आहे. अशा राउटरवर चालण्याचे तापमान बहुतेक ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेले असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. दुपारी दोन वाजता राउटर तापून आपोआप बंद पडतो, रात्री पुन्हा नीट चालतो, आणि दोष कंपनीच्या नेटला दिला जातो. शिवाय कूलरही त्याच खोलीत असणार. त्याची लोखंडी पेटी आणि आतले पाणी दोन्ही लहरींना अडवतात. म्हणून पहिल्या मजल्यावरच्या राउटरच्या लॅन पोर्टमधून दुसरी वायर, साधारण बारा-पंधरा मीटरची, जिन्याने थेट तिच्या टेबलापर्यंत न्यावी आणि लॅपटॉपलाच जोडावी. लॅपटॉपला लॅनचे छिद्र नसेल तर यूएसबीचा जोड मिळतो. तो गिगाबिटचा घ्यावा. सराव परीक्षा देताना घड्याळ चालू असते आणि पान मध्येच अडकून चालत नाही. तिला वायरचा भरवसा सर्वांत जास्त उपयोगी पडेल. मोबाइलसाठी एकाच स्लॅबखालच्या राउटरची रेंज तिला बहुधा पुरेल. पोर्ट दुसऱ्या कामासाठी अडकलेला नसावा, म्हणून राउटर घेताना तीन-चार लॅन पोर्ट आहेत ना हे मोजून घ्यावे.

लाइट गेल्यावरची सोयही याच पैशांत बसवता येईल. आपल्या घरी इन्व्हर्टर असेल तर मोडेम आणि राउटर दोन्ही त्याच्या पॉइंटवर घ्यावेत. नसेल तर हजार-बाराशेला राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या आणि मोडेमच्या अडॅप्टरवरचे आकडे लिहून न्यावेत : व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, बहुधा १२, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. दोन्ही यंत्रे दोन मजल्यांवर असल्याने एका यूपीएसवर दोन्ही चालणार नाहीत. एकच घ्यायचा असेल तर प्रथम मोडेमला घ्यावा, कारण तो बंद पडला की वरचा राउटर चालू असूनही उपयोग नाही.

खर्चाचा अंदाज असा : गिगाबिटचा एसी१२०० राउटर दोन ते अडीच हजार, चाळीस मीटर चांगली वायर, पट्टी आणि कनेक्टर मिळून हजार-बाराशे, आणि मोडेमसाठी यूपीएस हजार-बाराशे. बेरीज आपल्या साडेचार हजारांच्या आसपास येते. ती वर जात असेल तर यूपीएस पुढच्या महिन्यावर ढकलावा, पण वायर हलकी घेऊ नये. वायर कारागिराकडून न घेता स्वतः विकत घ्यावी, आणि राउटरचे पक्के बिल घ्यावे, कारण वॉरंटीसाठी ते लागते.

वायर टाकून झाल्यावर तोच कागद काढून तीच फेरी पुन्हा करावी. मुलाच्या टेबलाजवळ आकडा उणे ६० च्या आत आला नाही, तर राउटर बदलण्याआधी त्याची जागा हातभर इकडेतिकडे करून पाहावी आणि दोन्ही वेळचे आकडे मला कळवावेत.